खळ लावलेलं पान

आमच्या आणि काकूंच्या अंगणांमध्ये तारेचं कुंपण आहे, पण ते आता नावालाच. गोकर्णाचा वेल इतका माजलाय की तार शोधावी लागते. पारिजातकापाशी तो जरा विरळ आहे. तिथून वाट्या जातात-येतात, आणि वाट्यांच्या निमित्ताने बाकी सगळं.

रविवारी सकाळी कपडे वाळत घालताना पलीकडे रद्दीवाला उकिडवा बसलेला दिसला. समोर उघडी ट्रंक, बाजूला ताणकाटा, आणि काकू मोड्यावर बसून एकेक मासिक चाळतायत. रद्दीवाल्याच्या चेहऱ्यावर असा भाव, की बाई, विकताय की वाचताय?

"काकू, दिवाळी लांब आहे अजून. आत्तापासून माळा?"

"अगं, मुलगा म्हणतो छताला ओल आलीय, वजन कमी करा. 2019 च्या पुरात खालच्या कपाटातली सगळी गेली, ही तेवढी वरची वाचली. आता ओलीने खायच्या आधी देऊन टाकते. ये इकडे, तुला गंमत दाखवते."

काकूंच्या घरी एकेकाळी फिरतं वाचनालय होतं. काकांनी 1966 च्या सुमाराला काढलेलं. सायकलला मागे लाकडी खोकं, त्यात मासिकं आणि कादंबऱ्या, आणि खणभागापासून विश्रामबागेपर्यंत घरोघर वाटप. त्यामुळे सांगलीतल्या तीन पिढ्यांतल्या बायका काय वाचायच्या, हे काकूंना जितकं माहीत आहे तितकं त्यांच्या नवऱ्यांनाही नसेल.

"ही बघ, 'स्त्री'. आपल्या जिल्ह्यातली लेक."

"किर्लोस्करवाडीची ना?"

"तर! 1930 साली शंकरराव किर्लोस्करांनी काढलं. वाडी तेव्हा औंध संस्थानात. एका बाजूला लोखंडी नांगर तयार होतायत, दुसऱ्या बाजूला बायकांनी काय विचार करावा ते छापलं जातंय. जमीन नांगरायची आणि डोकंही. प्रेमविवाह, घटस्फोट, विधवांचं काय करायचं, सगळ्यावर भांडणं त्यात. माझ्या आईच्या तोंडी असायचं की 'स्त्री' वाचणारी सून नको, ती उलट बोलते."

"आणि ते?" मी आवाज खाली आणला. कारण आमचे हे पायरीवर पेपर वाचत होते.

"ते म्हणजे कुठलं?" काकूंनी मुद्दाम मोठ्याने विचारलं. मग हसल्या. "बघ. तू पन्नाशी ओलांडलीस, सून यायची वेळ झाली, तरी 'ते' म्हणतेस. मासिकांनीसुद्धा तीस-चाळीस वर्षं 'ते'च म्हटलं."

आणि मग त्यांनी शब्दांची मोजदादच सुरू केली. पतीसुख. संसारसुख. 'त्या बाबतीत.' 'तसले संबंध.' कथेत असेल तर दिवा मालवायचा, खिडकीबाहेर पाऊस पडायचा आणि तीन टिंबं यायची. कुणावर जबरदस्ती झाली तर 'अतिप्रसंग', आणि तिची अब्रू लुटली जायची, जशी काही ती कनवटीला बांधलेली होती. पाळी आली तर कावळा शिवायचा. "मला लग्नाआधी जे कळलं ते टिंबांवरून कळलं. पुढचं तुझ्या काकांना कळलं असेल असं मी धरून चालले होते. त्यांनाही टिंबंच माहीत होती."

"काकू!"

"काय काकू? ते असते तर त्यांनीच सांगितलं असतं तुला."

रद्दीवाल्याने घसा खाकरला. काकूंनी त्याला चहा हवा का विचारलं आणि तो आणायला आत गेल्या. तेवढ्यात मी वेल बाजूला सारून पलीकडे शिरले. ट्रंकेत वाळवीची धूळ, डांबरगोळ्यांचा वास आणि एका दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर खोपा घातलेली बाई, नेहमीसारखी कुठेतरी लांब बघणारी.

"टिंबांनी का लिहायचे माहितीये?" काकू चहा ठेवत म्हणाल्या. "घाबरायचे. विभावरी शिरूरकरचं 'कळ्यांचे निःश्वास' आलं 1933 साली. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं, एवढंच. पण 'मनात काय चालतं' यात शरीरही आलं. केवढा गहजब! बाईंना खरं नावसुद्धा लावता आलं नाही. विभावरी म्हणजे मालतीबाई बेडेकर, हे लोकांना किती वर्षांनी कळलं."

"पण ते कादंबऱ्यावाले काकोडकर तर सर्रास लिहायचे."

"त्यांनाही कोर्टात नेलंच की! 'रंभा'च्या 1962 च्या दिवाळी अंकात 'श्यामा' आली. एका गृहस्थांनी फिर्याद लावली, अश्लील म्हणून. हायकोर्टात दोषी ठरले. गेलं ते थेट सुप्रीम कोर्टात. 1969 च्या ऑगस्टमध्ये सुटले. कोर्ट म्हणालं, गोष्ट सगळी वाचा, चार ओळी उचलून बघू नका. आणि समाजाची मापंही बदलतायत. अगं, त्याच वर्षी त्यांच्या 'नीलांबरी'वरून 'दो रास्ते' आला. म्हणजे वर्ष एकच, तिकडे आरोपी होते तो डाग पुसला आणि इकडे राजेश खन्ना. त्या वर्षी आमच्याकडे काकोडकरांच्या पुस्तकांना नंबर लागायचे."

"बायका न्यायच्या?"

"बायकाच. वरती पाककृतींचं मासिक, खाली काकोडकर. पिशवीत अशी चळत. परत यायचं तेव्हा पाककृतींचं कोरं करकरीत आणि काकोडकरांवर हळदीची बोटं." काकूंनी बोटं नाचवून दाखवली. "पण खरी गंमत ती नव्हेच. काकोडकरांच्या नायिकेला कधी काही दुखायचं नाही, कधी दिवस राहायची भीती नसायची, कधी शेजारच्या खोलीत सासू खोकत नसायची. ती गोष्ट वाचून जीव धडधडायचा, पण आपल्या घरातलं कोडं सुटायचं नाही. कोडं सोडवायचं पान वेगळं होतं."

"सल्ल्याचं."

"सल्ल्याचं! मागून तिसरं पान. सगळ्या मासिकं उलटी उघडायच्या."

त्या सल्ल्याच्या पानाची एक तऱ्हा होती, ती मी काकूंकडूनच पहिल्यांदा ऐकली. त्या ज्या मासिकाबद्दल बोलत होत्या त्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. त्यातले लोक आता नाहीत. तिथे बायका प्रश्न पाठवायच्या, पण प्रश्न छापण्याजोगा नसेल तर नुसतं उत्तर छापायचे. 'सौ. क. ख., कराड : काळजीचे कारण नाही. असे बहुतेकींना होते.' काय होतं? ते त्या क. ख. ला ठाऊक आणि संपादकांना. बाकी महाराष्ट्राने डोकं खाजवायचं. दुपारी जेवणं उरकली की गल्लीतल्या बायका अंगणात बसून उत्तरावरून प्रश्न ओळखायच्या.

"शब्दकोडंच ग! आणि त्याला बक्षीस नाही म्हणून कुणी सोडायचं नाही."

मधल्या काळात त्या पानांवर सरकार आलं, असं काकू सांगत होत्या. लाल त्रिकोण. 'दो या तीन बस.' लूप बसवा. 1968 साली निरोध आला, 15 पैशांना तीन. जे वाक्य मासिकात लिहिलं तर संपादक फरफटत कोर्टात गेला असता, तेच वाक्य जाहिरातीत भारत सरकारने सांगितलं की ते देशकार्य. काकूंच्या वाचनालयातल्या एका सरकारी नोकराच्या बायकोने कौतुकाने विचारलेलं, की हे सगळं करून दमायला होतं त्याबद्दल सरकार काही म्हणतंय का.

"सरकारला मुलं कमी हवी होती," काकू म्हणाल्या. "बायकांना सुख जास्त हवं, असं कुठल्या त्रिकोणात लिहिलं नव्हतं. हे म्हणणारा माणूस एकच झाला, आणि त्याचं मासिक बायकांचं नव्हतंच."

"र. धों. कर्वे."

"थांब, दाखवते." त्यांनी ट्रंकेच्या तळाशी हात घातला आणि कापडी बांधणीचा एक जाड खंड काढला. पुठ्ठ्यावर शाईने नाव लिहिलेलं होतं : 'समाजस्वास्थ्य'. "हे आमच्या मामंजींचं. कोर्टात नाझर होते. दर महिन्याला यायचं, वर्षाचे अंक शिवून घ्यायचे आणि ट्रंकेला कुलूप. आतल्या चित्रांमुळे."

1927 च्या जुलैपासून 1953 पर्यंत, मरेपर्यंत म्हणा ना, कर्व्यांनी एकट्याने ते चालवलं. वडील महर्षी, बायकांच्या शिक्षणासाठी जन्म घातलेले. मुलगा म्हणाला, शिक्षण द्या पण त्यांच्या अंगाचं काय? संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. वाचकांच्या प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून खटले. 1934 च्या खटल्यात तर त्यांच्या बाजूने बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले. हरले. 200 रुपये दंड. आणि बाईलाही कामसुखाचा पुरुषाइतकाच हक्क आहे, हे हा गृहस्थ त्या काळात छापत होता, जेव्हा बायकांच्या मासिकांत दिवा मालवला जात होता.

"पुढे त्यांची पुतणी लिहायला लागली," मी म्हटलं, "गौरी देशपांडे. इरावतीबाईंची मुलगी."

"हो ना, त्या घराण्याचं पाणीच वेगळं. तिच्या बायकांना मन होतं, शरीर होतं आणि नवरे त्या दोन्हींच्या मधे उभे राहून काय चाललंय विचारायचे." काकू हसता हसता थांबल्या. त्यांनी तो खंड मांडीवर उलटा ठेवला. "पण मामंजींचं ऐक. सव्वीस वर्षं हे वाचलं त्या माणसाने. खुणा केल्यात बघ, पेन्सिलीने. आणि बायको शेजारच्या खोलीत. तिच्या हातात एक अंक कधी दिला नाही. कुलूप."

आमचे हे एवढ्यात कुंपणाशी आले. "कसला कार्यक्रम चाललाय?"

"दोडका बावीस रुपये पाव किलो झालाय," काकू म्हणाल्या. हे परत गेले. दोडक्यापुढे कुणी थांबत नाही.

"आता खरं ऐक," काकू पुढे वाकल्या. "1971 साल असेल. मी लग्न होऊन पाच-सहा वर्षांची. मासिकाच्या चार प्रती यायच्या आपल्याकडे. आल्या की सासूबाई आधी बघायच्या, मग खोक्यात जायच्या. त्या महिन्याला चारही प्रतींत सल्ल्याच्या पानावर एका उत्तराला पट्टी चिकटवलेली. पांढऱ्या कागदाची, खळीने. मैद्याची खळ घरात कायम असायची, पुस्तकं चिकटवायला. मी विचारलं तर म्हणाल्या, वाह्यात मजकूर आहे, चार घरी जायचा."

"म्हणजे सेन्सॉर."

"सेन्सॉर! आणि तुला सांगते, त्या महिन्याला ते मासिक जेवढं वाचलं गेलं तेवढं कधीच नाही. ज्यांनी आयुष्यात मासिक मागितलं नाही त्यांनी मागितलं. पट्टी काढायची कशी, तर चहाच्या आधणावर पान धरायचं. वाफेने खळ सुटते. मग वाचायचं आणि परत चिकटवायचं. प्रती परत आल्या तेव्हा त्या पट्ट्यांखाली खळीचे सात-आठ थर."

"आणि तुम्ही?"

"मी पहिली. किटलीवर." त्यांनी मासिकांच्या थरातून एक अंक उपसला आणि मागून तिसरं पान उघडलं. पट्टी अर्धी निघालेली, पिवळी, कसरीने खाल्लेली. खाली चार ओळी. त्या मी इथे जशा होत्या तशा सांगत नाही, पण आशय असा : सांगलीच्या भगिनीने पतीला विन्मुख करू नये, दुखणे म्हणजे मनाचे खेळ, मन धार्मिक वाचनात आणि देवदर्शनात गुंतवावं.

मी दोनदा वाचलं.

"आता ओळख प्रश्न," काकू म्हणाल्या. "आम्ही ओळखला. दुखतंय म्हणजे नवी नवरी. आणि पट्टी आपल्याच वाचनालयात लागली म्हणजे बाई आपल्याच गल्लीतली, सासूबाईंना माहीत असलेली. मग कोण? कोपऱ्यावरची. नवरा मुंबईला कापडगिरणीत, गणपतीला आणि दिवाळीला चार-चार दिवस यायचा. सातवी झालेली, मुकी-मुकी असायची. पहिलं नाव मी घेतलं, ग. मी. नळावर. नुसतं म्हटलं, कोपऱ्यावरची तर नसेल? संध्याकाळपर्यंत 'तर नसेल' गळून पडलं."

"मग?"

"मग काय. तिच्या सासूच्या कानावर गेलं. पोरीला नवरा नकोसा झालाय, बाहेरचं काही असेल. देवऋषी झाला. सहा महिने माहेरी पाठवली. हळदीकुंकवाला कुणी बोलवेना. तिने कधी हूं की चूं केलं नाही, म्हणून आम्हाला वाटलं खरंच तीच."

रद्दीवाला चहा संपवून कप पालथा घालून बसला होता. त्याचंही लक्ष होतं, हे आम्हा दोघींच्याही ध्यानात आलं. काकूंनी आवाज खाली केला नाही.

"सासूबाई गेल्या 1992 ला. दिवस झाल्यावर त्यांची पोथ्यांची पेटी मी उघडली. शिवलीलामृतात हे उत्तर. कापून, घडी घालून. पाचवी प्रत कुठून मिळवली होती देव जाणे."

मला क्षणभर कळलंच नाही. "सासूबाई? वय काय त्यांचं तेव्हा?"

"छप्पन्न."

आमची मुलगी मिरजेला मेडिकलला आहे. रविवारची घरी होती. ती केव्हा येऊन पारिजातकाखाली उभी राहिली होती कुणास ठाऊक. तिने वेलावरून हात लांबवून अंक मागितला, वाचला, आणि तिचा चेहरा असा झाला जसा परीक्षेत कुणी धडधडीत चूक उत्तर लिहिल्यावर होत असेल.

"मनाचे खेळ? आजी, पाळी गेल्यावर हार्मोन कमी होतात, आतली त्वचा पातळ होते, कोरडी पडते. दुखणारच. किती जणींना होतं. साधं क्रीम असतं त्याला, जेली असते. आणि नसेल इच्छा तर नाही म्हणायचं. एवढंच उत्तर होतं."

"एवढंच," काकू म्हणाल्या. "तुझ्या पणजीच्या वयाच्या बाईला एवढंच कुणी सांगितलं नाही. आणि नाही म्हणायचं म्हणतेस, ते कुठे लिहिलेलं होतं? आमच्या वेळी संमती म्हटलं की संमतिवयाचा कायदा आठवायचा. 1891 चा. दहाचं बारा केलं वय, त्यावरून टिळक-आगरकर भांडले. बारा वर्षं झाली की पुढे आयुष्यभर संमती धरलेलीच."

"अजूनही तसंच आहे," मुलगी म्हणाली. "बायको अठराच्या वर असेल तर नवऱ्याने जबरदस्ती केली तरी तो बलात्कार नाही. नव्या न्याय संहितेतही तो अपवाद ठेवलाय."

'बलात्कार' हा शब्द तिने दोडक्यासारखा उच्चारला. मला आठवलं, आमच्या लहानपणी तो घरात कुणी म्हणत नसे. तो शब्द बायकांच्या मासिकात उघड यायला मथुरा लागली. गडचिरोलीकडची आदिवासी पोर, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात जे झालं ते 1972 साली. 1978 ला सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडलं, तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही म्हणून. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या, 1983 ला कायदा बदलला. 'अतिप्रसंग' तेव्हा गेला. अब्रू मात्र अजून अधूनमधून लुटली जाते.

"विद्याताई बाळ तेव्हा 'स्त्री'त होत्या," काकू सांगू लागल्या. "पुढे संपादक झाल्या. मग 1989 ला पुण्यात स्वतःचं काढलं, 'मिळून साऱ्याजणी'. नाव बघ कसं साधं. भोंडल्याला बोलावल्यासारखं. आणि आत बायका स्वतःच्या नावाने लिहायच्या ग! टोपणनाव नाही, क. ख. नाही. नवऱ्याने हात उगारला, नवऱ्याने नको तेव्हा जवळ ओढलं, मूल नको होतं. मी पहिला अंक आणला तेव्हा सल्ल्याचं पान शोधत मागून तिसरं पान उघडलं. आमची सवय. तर अख्ख्या अंकात एकमेकींशी बोलणंच होतं."

"चाललं वाचनालयात?"

काकूंनी तोंड वाकडं केलं. "खरं सांगू? रडवायचं ते. दिवसभर रडून दमलेल्या बाईला रात्री परत रडायला आवडत नाही. बायका म्हणायच्या, चांगलं आहे, पण दुसरं काही हलकं द्या. मीही द्यायचे. तुझ्या विद्याताईंना हे आवडलं नसतं, पण ज्या अंकाला वाट बघणाऱ्या चारच होत्या, त्या चौघी वेगळ्या होत्या एवढं मात्र कळायचं. त्यांच्यापैकी एकीने पुढे घर सोडलं. एकीने नवऱ्याला वाचायला दिलं. दुसरी जास्त धाडसाची, असं माझं मत."

मग ते गुळगुळीत कागदाचे अंक आले, तो काळ मीच पाहिलाय. नव्वदीनंतर. इंग्रजी 'फेमिना' तर 1959 पासूनच होतं, 'कॉस्मोपॉलिटन' 1996 ला इथे आलं, आणि त्यांच्या वाऱ्याने आपल्याकडच्या मासिकांचेही पदर उडाले. शब्दांची भीती एकदम संपली. मुखपृष्ठावरच मथळे, आणि मथळ्यांत आकडे. त्याला वेड लावण्याच्या दहा युक्त्या. शयनगृहातली सात गुपितं. ब्यूटी पार्लरमध्ये नंबराची वाट बघत मी ते सगळं वाचलंय आणि समोरच्या बाईने बघितलं की झटकन पान उलटून पनीर माखनवाला वाचलंय.

मी हे सांगितलं तर काकू खो-खो हसल्या. "मला एकदा सुनेने असा अंक दिला. मी चष्मा लावून सगळं वाचलं. म्हटलं, हे तर माझ्या आजीने सांगितलेलं! नटून बस, गोड बोल, त्याचा मूड सांभाळ, कंटाळा दाखवू नको. आजीने आकडे घातले नव्हते एवढंच. टिंबं गेली, दिवा लागला, आणि लख्ख उजेडात परत पतीला विन्मुख करू नये!"

"आणि जाहिराती बघितल्यात?" मुलगी म्हणाली. "2012 च्या आसपास टीव्हीवर एक होती. तिकडची जागा गोरी करायचा वॉश. आमच्या मॅडम शिकवताना अजून चिडतात. तिथे काही लावायची गरजच नसते, ती जागा आपली आपण स्वच्छ राहते."

"तिकडची जागा," काकू म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई, तुम्हीसुद्धा?"

मुलगी लाजली. पण काकूंनी सोडलं नाही, म्हणाल्या, नाव घे. तिने घेतलं, मराठीत. रद्दीवाल्याने ताणकाटा नीट करायला घेतला. पायरीवर पेपर खसखसला.

आता मासिकांचे ते दिवस राहिले नाहीत. गोष्टी मालिकांनी नेल्या, सल्ला शनिवारच्या पुरवणीने नेला, आणि उरलेलं फोनने. मुलीच्या मैत्रिणी बाई डॉक्टरांच्या दीड मिनिटाच्या व्हिडिओवर खाली प्रश्न विचारतात, नाव-फोटोसकट, आणि शंभर जणी 'मलाही' म्हणतात. त्यातही पुष्कळ भंपक असतं. एकीने मधाचा उपाय सांगितलेला मी पाहिला आणि अंगावर काटा आला. पण उत्तरावरून प्रश्न ओळखत बसावं लागत नाही, एवढं खरं.

"आजी," मुलीने विचारलं, "मग पणजींनी काय केलं? त्या उत्तराचं?"

"पाळलं की! अक्षरशः. दुसऱ्या महिन्यापासून रोज रात्री गणपतीच्या देवळात. शेजारतीला. ऊन-पाऊस, कधी चुकवली नाही. शेजारती करून, मैत्रिणीशी बोलत, रमतगमत दहाला घरी. मामंजींचा नियम नऊला झोपायचा." काकूंनी आमच्याकडे बघितलं. "वीस वर्षं आम्ही म्हणायचो, काय भक्ती!"

मुलगी पारिजातकाला धरून हसत सुटली. मलाही हसू आलं आणि मधेच अडकलं, कारण कोपऱ्यावरची आठवली.

"काकू, तिला सांगितलंत कधी?"

"पेटी उघडली त्याच आठवड्यात गेले. मिरजेत असते, मुलाकडे. म्हटलं पाय धरावे. सगळं सांगितलं, नळापासून. ती शेंगा फोडत होती, फोडत राहिली. म्हणाली, वहिनी, मला माहीत होतं. ते पत्र मीच लिहून दिलं होतं."

"काय?"

"सासूबाईंचं अक्षर मामंजी ओळखतील, पोस्टमन त्यांचा मित्र, म्हणून. देवळामागे बसून त्या सांगायच्या, ही लिहायची. म्हणाली, सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, तुझं काही असेल तर तूही घाल, तिकीट एकच लागतंय. म्हणून शेवटी मी माझ्या दोन ओळी घातल्या."

रद्दीवाला उभा राहिला. "आजी, करायचं का वजन?"

"कर बाबा. हा अंक सोडून." काकूंनी तो खंडाखाली सरकवला.

"मग उत्तर कुणाचं होतं?" मी विचारलं.

"तेच मी तिला विचारलं. तर म्हणाली, चार ओळींत दोघींना बसवलं त्यांनी, मला वाटतं पहिल्या दोन त्यांच्या आणि 'मनाचे खेळ' माझं. मग चहा टाकला तिने. आधण आलं तशी माझ्याकडे वळून विचारते, वहिनी, पट्टी कशी काढली होती तुम्ही? मी म्हटलं, किटलीवर. म्हणाली, मी पण."